भिवंडी, साहनी बंधू आणि ‘तमस’

१९८८ सालचा जानेवारी महिना ज्यांना आठवत असेल त्यांना दूरदर्शनच्या पडद्यावरील एक वृद्ध शीख जोडपेही आठवत असेल. रावळपिंडीच्या परिसरातील एका खेड्यात चहाचे छोटे दुकान चालविणारा हरनामसिंग आणि त्याची पत्नी बंतो. गावात दंगल शिरणार असा सांगावा येतो आणि आयुष्यभर जपलेले दुकान तसेच टाकून ही दोघे अंधारात वाट धरतात. सकाळी एका अनोळखी गावात ती एका मुसलमान घराचे दार ठोठावतात. त्या काळी ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्याच्या ओटीवर आणि माजघरात शेजारपाजारची मंडळी जमत. ‘तमस’ पाहताना अशा घरांमधून नेहमीची कुजबुजही थांबत असे.

हरनामसिंगाची भूमिका करणारा तो पांढऱ्या दाढीचा माणूस व्यवसायाने नट नव्हता. ज्या कादंबरीवरून ही मालिका तयार झाली होती, तिचा तो लेखक होता. त्याचे नाव भीष्म साहनी. स्वतः लिहिलेल्या पात्राचा वेश चढवून दूरदर्शनसमोर उभा राहिलेला लेखक ही आपल्याकडची विरळा घटना. परंतु महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट निराळीच आहे. कथा पंजाबातील, लेखक पंजाबी, भाषा हिंदी. तरीही या कादंबरीचे बीज पडले ते आपल्या ठाणे जिल्ह्यात, भिवंडी शहरात. आणि लेखकाला त्या शहराची वाट दाखविली ती त्याच्या थोरल्या भावाने, सुप्रसिद्ध अभिनेते बलराज साहनी यांनी. नटाने दुःखितांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही दोन भावांची आणि एका शहराची हकीकत मोलाची ठरते.

विणकरांचे गाव

कल्याण आणि ठाणे यांच्या जवळ, कामवारी नदीच्या काठी वसलेली भिवंडी हे जुने गाव. खाडीमार्गाने चालणाऱ्या व्यापारामुळे येथे कोकणी मुसलमानांची वस्ती फार पूर्वीपासून होती. आसपासच्या खेड्यांत आगरी शेतकरी. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आपले हातमाग मोडून, कुटुंबकबिल्यासह इकडे आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पुढे १९३० नंतरच्या काळात हातमागाची जागा हळूहळू यंत्रमागांनी घेतली आणि भिवंडीचे नाव देशभर झाले.

या गावात ज्याने एक रात्र काढली असेल तो तेथील आवाज विसरणार नाही. गल्लीगल्लीतून मागांची खटखट दिवसरात्र चालू असते. ताण्याच्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे धावतो, कांडीवरचा बाणा उलगडत जातो आणि कापड इंचाइंचाने पुढे सरकते. या कापडाच्या व्यवहाराकडे पाहिले म्हणजे येथील माणसे एकमेकांवर किती विसंबून आहेत ते कळते. सूत पुरविणारा व्यापारी बहुधा मारवाडी किंवा गुजराती, कारखान्याचा मालक अनेकदा मुसलमान, मागावर उभा राहणारा कारागीर कधी उत्तर प्रदेशचा, कधी तेलंगणाचा, तयार माल उचलणारा पुन्हा हिंदू व्यापारी. एका धर्माच्या माणसांनी हात आखडता घेतला तर दुसऱ्या धर्माच्या माणसांची चूल त्याच आठवड्यात थंडावते.

असे असूनही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. लगोलग जळगाव आणि महाड येथेही हिंसाचार झाला. माणसे मारली गेली, घरे आणि माग जळून खाक झाले. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाने साक्षीपुरावे तपासून १९७५ साली आपला विस्तृत अहवाल पूर्ण केला. भिवंडीतील पोलीस तपासात झालेल्या पक्षपाताबद्दल आयोगाने कठोर शब्द वापरले. दंगलींविषयी अभ्यास करणाऱ्यांना तो अहवाल आजही वाचावा लागतो.

अहवाल यायला पाच वर्षे लागली. त्याआधी, राख अजून निवायची असतानाच, मुंबईहून भिवंडीत एक नट येऊन दाखल झाला होता.

सेवाग्रामचा धडा

बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडीत झाला. भीष्म त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान; जन्म ८ ऑगस्ट १९१५. घर आर्यसमाजी, वडील व्यापारी. दोघांनीही लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. मुलांनी घरचा व्यापार पाहावा ही वडिलांची इच्छा, पण बलराज यांचे मन त्यात रमले नाही. पत्नी दमयंती यांना घेऊन ते शांतिनिकेतनात अध्यापक म्हणून गेले आणि तेथून १९३८च्या सुमारास वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले. गांधीजींच्या शिक्षणविषयक विचारांना वाहिलेल्या ‘नई तालीम’ या नियतकालिकाचे काम ते तेथे पाहत असत.

भावाला भेटण्यासाठी भीष्म त्या दिवसांत सेवाग्रामला येऊन राहिले होते. तेथील आठवणी त्यांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. गांधीजींच्या सकाळच्या फेरीच्या वाटेवर एका झोपडीत एक क्षयरोगी राहत असे. गांधीजी रोज तेथे थांबत, त्याची विचारपूस करीत आणि मगच पुढे जात. एके दिवशी आश्रमातील एक किशोरवयीन मुलगा पोटदुखीने तळमळत बापूंच्या नावाने हाका मारू लागला. गांधीजी आले, त्याच्या पोटावरून हात फिरविला, उसाचा रस अति प्याल्याचे ओळखले आणि त्याला ओकारी काढायला लावली. तो ओकत असताना त्याच्या पाठीवर हात ठेवून ते वाकून उभे राहिले. मुलाला बरे वाटल्यावर हसत निघून गेले.

देशाचा एवढा मोठा पुढारी, पण या प्रसंगात त्याने ना भाषण केले ना निधी जमविला. तो हाकेसरशी चालत आला आणि काम होईपर्यंत थांबला. दोघा भावांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले की विदर्भातील हा लहानसा धडा त्यांच्या मनात खोल रुजला असावा असे वाटते.

सेवाग्रामहून बलराज लंडनला बी.बी.सी.च्या हिंदी विभागात गेले. महायुद्धाची वर्षे तेथे काढून १९४४ साली ते परतले आणि मुंबईत भारतीय जननाट्य संघात, म्हणजेच ‘इप्टा’त, सामील झाले. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था बंगालच्या दुष्काळाच्या छायेत वाढली. तिच्या कलावंतांनी गावोगाव प्रयोग करून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा जमविला. आपले अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख हेही त्याच चळवळीतले. बंगालच्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ हा ख्वाजा अहमद अब्बास यांचा चित्रपट १९४६ साली आला. त्यात बलराज आणि दमयंती या दोघांनीही काम केले. दुसऱ्याच वर्षी दमयंती यांचे अकाली निधन झाले.

बलराज यांच्या अभिनयाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात शेतकऱ्याला कलकत्त्यात हातरिक्षा ओढावी लागते. त्या भूमिकेसाठी बलराज यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखरीच रिक्षा ओढली. गरिबाचे दुःख लांबून पाहून त्याची नक्कल करणे त्यांना मान्य नव्हते. अंगावर ओझे घेतल्यावाचून ते कळत नाही अशी त्यांची धारणा होती. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे भिवंडी जळाली तेव्हा ते कीर्तीच्या शिखरावर होते आणि वयाची सत्तावन्न वर्षे त्यांनी ओलांडली होती.

दगडविटांची ओळख

दंगलीनंतर मदतीला येणाऱ्यांचे अनेक प्रकार असतात. कोणी धान्य पाठवितो, कोणी धनादेश देतो, कोणी मोटारीतून एक फेरी मारून वर्तमानपत्राला निवेदन देतो. यांतले काहीही निरुपयोगी नाही. उपाशी माणसाला धान्य कोणाकडून आले याच्याशी कर्तव्य नसते. बलराज मात्र भिवंडीत जाऊन राहिले. थोरल्या भावावर लिहिलेल्या चरित्रात भीष्मजींनी याची नोंद केली आहे. भयभीत झालेल्या मुसलमान वस्तीत, तेथील माणसांच्या सोबतीने त्यांनी मुक्काम केला. ज्याचा चेहरा सारा देश ओळखतो असा एक हिंदू माणूस आपल्या गल्लीत झोपतो आहे, आपल्या घरचा चहा पितो आहे, एवढ्यानेच त्या वस्तीला किती धीर आला असेल याची आपण कल्पना करू शकतो. कीर्ती ही गोष्ट एरवी माणसाला इतरांपासून दूर नेते. येथे तिचा उपयोग दुसऱ्याच्या उंबरठ्यावर बसण्यासाठी झाला.

भीष्मजीही भावाबरोबर भिवंडीत आले. ते तेव्हा दिल्लीत इंग्रजीचे अध्यापन करीत. विणकरांच्या त्या गावात त्यांनी काय पाहिले? जळलेली घरे, ओस पडलेल्या गल्ल्या आणि मागांच्या खटखटीच्या जागी पसरलेली शांतता. त्या भग्न रस्त्यांवरून चालताना हे सारे आपण पूर्वी कधी तरी पाहिले आहे असे त्यांना वाटू लागले. दिल्लीला परत गेल्यावर ते लिहायला बसले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर भिवंडीऐवजी तेवीस वर्षांपूर्वीची रावळपिंडी उभी राहिली.

मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी शहरात आणि जिल्ह्यातील खेड्यांत भीषण दंगली झाल्या होत्या. थोहा खालसा या गावी अब्रू वाचविण्यासाठी शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या होत्या. त्या वेळी भीष्म मदत समितीच्या कामात होते. उद्ध्वस्त गावांतून येणाऱ्या माणसांकडून माहिती घ्यायची: किती मेले, किती घरे जळाली, किती मालमत्ता गेली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला स्वातंत्र्याचा सोहळा पाहण्यासाठी म्हणून ते दिल्लीच्या गाडीत बसले. काही दिवसांत परतायचे, असा बेत होता. रावळपिंडी सीमेपलीकडे राहिली आणि ते घर कायमचे अंतरले.

एवढ्या मोठ्या आघातावर त्यांनी तोवर मोठी कृती लिहिली नव्हती. मन काही जखमा झाकून ठेवते. त्या जखमेवरचे झाकण भिवंडीने काढले. ‘तमस’मध्ये मदत समितीचा एक कारकून येतो. त्याला हवे असतात केवळ आकडे. समोरचा माणूस मात्र आकड्यांच्या रकान्यात न मावणारी गोष्ट सांगू पाहतो: हरवलेल्या मुलाची, विहिरीत उडी घेतलेल्या बायकोची, मागे राहिलेल्या दागिन्यांची. हा कारकून म्हणजे तरुणपणीचे भीष्मच होत असे मानायला हरकत नाही. जे १९४७ साली रकान्यात मावले नव्हते ते भिवंडी पाहिल्यावर कादंबरीत उतरले. १९७५ साली ‘तमस’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हा गौरव पाहायला बलराज हयात नव्हते. १३ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची अखेरची मोठी भूमिका एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मधील सलीम मिर्झा यांची. फाळणीनंतर आग्र्यात मागे राहिलेला, सगेसोयरे पाकिस्तानात निघून जात असताना आपली माती न सोडणारा हा मुसलमान कारखानदार. भिवंडीच्या गल्लीत बलराज यांनी असे किती सलीम मिर्झा पाहिले असतील! आपल्या वाट्याच्या संवादांचे ध्वनिमुद्रण पुरे करून लगेचच त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

लेखक नट होतो

भीष्मजींना अभिनय अगदीच नवा नव्हता. मुंबईत इप्टाच्या नादी लागलेल्या बलराज यांना घरी परत आणण्यासाठी वडिलांनी त्यांना पाठविले, तर तेही इप्टातच सामील झाले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच गमतीने सांगितली आहे. तरीही कॅमेऱ्यापुढची त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली ती साठी उलटल्यानंतर. सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो’ (१९८४) या चित्रपटात ते मोहन जोशी झाले: मोडकळीला आलेल्या इमारतीची दुरुस्ती व्हावी म्हणून घरमालकाविरुद्ध वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारा मुंबईचा एक वृद्ध भाडेकरू. पत्नीच्या भूमिकेत दीना पाठक होत्या. चाळींतून राहिलेल्या मुंबईकरांना हा मोहन जोशी आपल्याच मजल्यावरचा वाटला.

त्याच साली, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे, कल्याण आणि मुंबईपर्यंत पसरली. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. बलराज भिवंडीत राहून गेले होते, ‘तमस’ लिहिली गेली होती, तिला पुरस्कार मिळाला होता, मादन आयोगाचा अहवालही सरकारदरबारी दाखल झाला होता. तरीही चौदा वर्षांनी त्याच गल्ल्यांतून तेच घडले. एका थोर माणसाचे येणे, एक थोर पुस्तक, एक थोर अहवाल यांनी दंगल थांबत नाही, हे कटू सत्य मान्य केल्यावाचून या कथेचा पुढचा भाग सांगता येणार नाही.

दिग्दर्शक गोविंद निहलानी यांचा जन्म १९४० साली कराचीचा. फाळणीच्या वेळी लहान वयात त्यांनाही कुटुंबाबरोबर घर सोडावे लागले होते. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला ‘आक्रोश’ आणि श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरील ‘अर्धसत्य’ हे त्यांचे चित्रपट मराठी रसिकांना परिचित आहेत. ‘गांधी’ चित्रपटाच्या कामासाठी दिल्लीत असताना एका पुस्तकाच्या दुकानात ‘तमस’ त्यांच्या हाती आली. पुढे त्यांनी तिच्यावर जवळजवळ पाच तासांची दूरदर्शन मालिका उभी केली. डुक्कर मारण्यासाठी पैसे घेणारा आणि त्याचे परिणाम पाहून अपराधाने पोळणारा नथू ओम पुरी यांनी साकारला. त्याची पत्नी कर्मो दीपा साही यांनी. आणि हरनामसिंगाच्या भूमिकेसाठी निहलानी यांनी थेट लेखकालाच उभे केले. बंतो झाल्या पुन्हा दीना पाठक.

ज्या घराचे दार ही दोघे ठोठावतात तेथील गृहिणी राजो ही भूमिका सुरेखा सिकरी यांनी केली. घरातील पुरुष लुटीला बाहेर गेलेले आहेत. परक्या धर्माच्या जोडप्याला आत घ्यावे की हाकलावे? राजो आधी कचरते, पण त्यांना घालवून देणे तिच्याने होत नाही. ती त्यांना लपविते, खायला देते. घरी आणलेली लुटीची पेटी हरनामसिंगाच्याच दुकानातली निघते. घरच्या तरुण मुलाला पाहुण्याला मारायचे असते, पण समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर त्याचा हात उचलत नाही. झुंडीत माणसाला मारणे सोपे जाते, ओळखीच्या डोळ्यांत पाहून ते जमत नाही. हे सारे दाखविताना भीष्मजींच्या चेहऱ्यावर अभिनयाचा कोणताही आव नाही. आश्रय मागणाऱ्या माणसाचा संकोच तेवढा आहे. लुटलेली माणसे त्यांनी दोनदा पाहिली होती, एकदा रावळपिंडीत आणि एकदा भिवंडीत. त्यांना नक्कल करावी लागली नाही.

न्यायासनासमोर

मालिका सुरू होताच वाद पेटला. जुन्या जखमा उकरल्याने नव्या दंगली होतील, असे म्हणत प्रक्षेपण थांबवावे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला आणि सुरुवातीला स्थगितीही मिळाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठविली. जे. जे. रुग्णालयातील औषधकांडाच्या चौकशीमुळे लेंटिन हे नाव त्या काळी घराघरांत माहीत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या न्यायालयानेही मालिका बंद करण्याची मागणी फेटाळली. इतिहासातील चूक पाहून सामान्य माणूस शहाणा होतो, भडकतोच असे नाही, असा विश्वास या निर्णयांच्या मुळाशी होता. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘तमस’ला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, तर राजोसाठी सुरेखा सिकरी यांचा सहायक अभिनेत्री म्हणून गौरव झाला.

योगायोगाची गोष्ट अशी की त्याच १९८८ साली भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी दंगलीनंतरच्या बंदोबस्तापेक्षा दंगलीपूर्वीच्या ओळखीवर भर दिला. मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू आणि मुसलमान रहिवाशांच्या समित्या स्थापन केल्या. यांत पुढाऱ्यांपेक्षा दुकानदार, कारागीर, शिक्षक अशी साधी माणसे अधिक. त्यांनी नियमाने एकत्र बसायचे, पोलीस अधिकाऱ्यानेही तेथे हजर राहायचे आणि नळापासून भांडणापर्यंत सगळ्या तक्रारी बोलून मिटवायच्या. या कामात नाट्य नव्हते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावे असे त्यात काही घडत नसे. परंतु डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जेव्हा मुंबई जळत होती, तेव्हा दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. दंगलींचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशींच्या विद्वानांनी पुढे या शांततेचा शोध घेतला आणि खोपडे यांनीही त्यावर पुस्तक लिहिले. मुंबईत दंगलींनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिच्या पुढाकारात पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्याबरोबर आपल्या समाजातील निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो होते, ही आपल्याला अभिमानाची बाब होय.

‘तमस’ पाहून भिवंडी शांत राहिली असा दावा कोणी करू नये. परंतु मालिकेतील राजोच्या घरात जे एका रात्रीपुरते घडते, तेच समित्यांच्या सतरंजीवर वर्षानुवर्षे घडत राहिले, एवढे म्हणता येईल. समोरच्याचे नाव माहीत झाले, त्याच्या मुलाची शाळा माहीत झाली. असा माणूस मग झुंडीच्या आरोळीत सहजासहजी हरवत नाही.

अखेरपर्यंत तीच वाट

भीष्मजींचे काम मालिकेने संपले नाही. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ पथनाट्य सादर करीत असताना सफदर हाश्मी यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या ‘सहमत’ या न्यासाचे अध्यक्षपद भीष्मजींनी स्वीकारले. कलावंतांना जातीय सलोख्याच्या कामात एकत्र आणण्यासाठी उतारवयात ते झटत राहिले. १९९८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

२००२ साली अपर्णा सेन यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ या चित्रपटात ते पुन्हा दिसले. दंगलखोरांनी अडविलेल्या बसमधून एका वृद्ध मुसलमान जोडप्याला खाली उतरविले जाते आणि ते परत येत नाही. त्यातील म्हातारा भीष्म साहनी आणि म्हातारी सुरेखा सिकरी. चौदा वर्षांपूर्वी याच अभिनेत्रीने त्यांना राजो होऊन आश्रय दिला होता. ‘तमस’मध्ये ते मुसलमान घरात लपलेले शीख होते, येथे हिंदूंच्या झुंडीपुढे उभे राहिलेले मुसलमान. पगडी बदलली, टोपी आली, डोळ्यांतील भीती तीच राहिली. आपला धर्म, आपली बाजू असा हिशेब न करता मार खाणाऱ्याच्या अंगात शिरणे, हेच या नटाचे आणि लेखकाचे व्रत होते. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००३ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आज प्रसिद्ध नटनट्यांच्या दानशूरपणाच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. साहनी बंधूंच्या हकिकतीतून आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांना घेण्यासारखे जे आहे, त्याला पैसा किंवा कीर्ती लागत नाही. सेवाग्रामच्या वाटेवर रोज एका रोग्यापाशी थांबणारा माणूस, भिवंडीच्या वस्तीत मुक्कामाला गेलेला नट, दर महिन्याला सतरंजीवर येऊन बसणारे दुकानदार आणि कारागीर, या सर्वांनी एकच केले. ते दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत गेले. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरच्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यानेही पैसे दिले, पण ते दुसऱ्या दिवशी. आधी तो जखमी माणसाजवळ थांबला आणि ती रात्र त्याने त्याच्या सोबतीने काढली.

भिवंडीवरून जाताना मागांची खटखट कानी आली तर हे आठवावे. तो आवाज दोनदा बंद पडला होता. तो चालू राहावा यासाठी कोणीतरी, कुठल्या तरी गल्लीत, आपल्याहून निराळ्या धर्माच्या शेजाऱ्याकडे आज सहज म्हणून चहाला गेलेला असतो.